करारातली मोकळी जागा

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत माझं मुख्य काम ठिपक्यांच्या ओळी भरण्याचं होतं. 1994 साली मी पुण्यातल्या एका ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागले. आमचे बहुतेक अशील बांधकाम व्यावसायिक. फ्लॅटविक्रीच्या कराराच्या, म्हणजे लोक ज्याला नुसतं ‘ॲग्रीमेंट’ म्हणतात त्याच्या, छापील प्रतींचा गठ्ठा कपाटात कायम तयार असे. घेणाऱ्याचं नाव, वय, धंदा, फ्लॅटचा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, किंमत एवढं मी काळ्या शाईच्या पेनानं सुवाच्य अक्षरात भरायचं. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

सरांनी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या. नाव आणि रक्कम यांत खाडाखोड नको, दस्त अडकतो. आणि ताबा देण्याच्या तारखेची जागा सोडायची. मी कारण विचारलं. “बांधकामाचं काय सांगता येतं? लिहून अडकायचं कशाला?” असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला ते पटलं. पुढची पाच वर्षं मी ती ओळ सोडत राहिले.

त्या वेळी महाराष्ट्रात फ्लॅटची विक्री 1963 च्या कायद्याखाली चालायची. त्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. बिल्डरनं किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही आणि घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, असं त्याचं चौथं कलम सांगतं. ताबा कोणत्या तारखेला देणार हे करारात असायलाच हवं, हेही त्याच कलमात आहे. आठवं कलम त्या पुढचं. लिहिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर घेणाऱ्याला पैसे 9 टक्के सरळव्याजानं परत मागता येतात आणि तेवढ्या रकमेचा बोजा त्या जमिनीवर राहतो. हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण आठव्या कलमाचं सगळं बळ त्या एका तारखेवर उभं आहे आणि तीच जागा मी दर करारात मोकळी सोडते आहे, ही सांगड माझ्या डोक्यात बसली नव्हती.

1995 साली पोस्टातून नुकतेच निवृत्त झालेले एक काका करार नोंदवायला आले. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाणार होते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गर्दी होती, बिल्डरचा माणूस घाई करत होता. तरी काकांनी चष्मा लावला आणि बाकावर बसून करार पहिल्या पानापासून वाचायला घेतला. इतक्या वर्षांत करार वाचून मग सही करणारी जी थोडी माणसं मी पाहिली, त्यांतले ते पहिले. एका पानावर ते थांबले. “वकीलबाई, इथे तारीख राहिली की.” मी म्हटलं, “काका, ती नंतर भरतात.” माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सही केली.

इमारत तिसऱ्या स्लॅबला थांबली. बिल्डर आणि जमीनमालक यांच्यात काही बिनसलं होतं. चार वर्षांनी, 1999 मध्ये, काकांच्या वकिलांची मराठीत नोटीस आली. उत्तराचा मसुदा मी केला आणि टाइपही मीच केला. सरांनी सही केली. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘करारात ताबा देण्याची कोणतीही तारीख नमूद नाही, सबब विलंबाचा प्रश्नच उद्भवत नाही.’ टाइप करताना ‘कोणतीही’ हा शब्द सुटला होता. तो मी पेनानं वर लिहिला आणि पाकीट बंद केलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी सोडलेल्या जागेचाच आधार घेऊन त्या माणसाला मी खोटं पाडलं होतं. आणि कायद्याच्या भाषेत ते उत्तर चोख होतं, त्याचाच मला जास्त त्रास झाला. पुढच्या तीन महिन्यांत मी ते ऑफिस सोडलं आणि घर घेणाऱ्यांचं काम सुरू केलं.

अशा मोकळ्या तारखेबद्दल सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2018 मध्ये एका निकालात सांगितलं की ताब्याची मुदत करारात ठरलेली नसली तरी माणसानं अनंत काळ वाट पाहायची नसते. त्या प्रकरणात न्यायालयानं तीन वर्षं ही वाजवी मुदत धरली. निकाल वाचताना मला 1999 चं ते पाकीट आठवलं.

बाजू बदलल्यावर मला करार वेगळ्याच नजरेनं वाचावा लागला. लिहिलेलं कलम निदान डोळ्यांना दिसतं, त्यावर वाद घालता येतो. न लिहिलेलं दिसत नाही, आणि माणसाचं आयुष्य त्यातच अडकतं. माझ्याकडे आलेली बहुतेक भांडणं अशा जागांतून निघालेली होती.

एक शिक्षिका मोजपट्टी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. करारात 650 चौरस फूट लिहिलं होतं, त्यांनी आणि त्यांच्या मुलानं रविवारी घर मोजलं तर ते 470 च्या आसपास भरलं. करारात ‘650 चौ. फूट’ एवढंच होतं. कसलं क्षेत्र, हे कुठेच नव्हतं. बिल्डर म्हणाला, ते सुपर बिल्टअप आहे. जिना, लिफ्ट, गच्ची यांतला वाटा धरून. खरं तर विक्री चटईक्षेत्रावरच व्हावी असं मोफातही म्हटलेलं होतं, पण बाजार त्याला जुमानत नव्हता. ‘चटई’ हा एक शब्द करारात असता, तर बाईंचे 180 फुटांचे पैसे वाचले असते. अखेर तडजोड झाली, थोडे पैसे परत मिळाले. बाई मला म्हणाल्या, “मी वर्गात पोरांना एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापते. इथे मीच बघितलं नाही.”

पार्किंगचं तसंच. एका सोसायटीत खांबांमधल्या एकाच जागेची पावती दोन कुटुंबांकडे होती. दोघांनीही करारात नसलेली रक्कम वेगळी दिलेली, पावतीवर फक्त ‘पार्किंगबद्दल’ असा शेरा. एकाच जिन्यावरची ती दोन घरं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की इमारतीखालची खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामायिक जागेचा भाग आहे आणि बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. म्हणजे दोघांकडच्या पावत्या विक्री म्हणून निकामी. दोघांना समोरासमोर बसवून मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा राग पहिल्यांदा एकमेकांवरून उतरला.

लोकांना सगळ्यात उशिरा कळते ती गोष्ट जमिनीची. नोंदवलेला करार हातात आला की फ्लॅट आपला झाला असं माणूस धरून चालतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 54 व्या कलमानुसार विक्रीचा करार स्वतः मालकी देत नाही. तो पुढे खरेदीखत करून देण्याचं वचन असतो. इमारत आणि तिच्याखालची जमीन सोसायटीच्या नावानं होण्यासाठी बिल्डरनं कन्व्हेयन्स करून द्यावा लागतो. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचे लोक पुनर्विकास ठरल्यावर माझ्याकडे आले. इमारत पंचवीस वर्षांची, आणि मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचं नाव. तो वारलेला, वारसांना त्या जमिनीचा नवा भाव माहीत झालेला. प्रत्येकाच्या करारात वाक्य एकच: कन्व्हेयन्स ‘योग्य वेळी’ करून दिला जाईल. योग्य वेळ कोणाच्या मते, ते लिहिलेलं नव्हतं. मोफात 2008 मध्ये दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली, म्हणजे बिल्डर सही करत नसेल तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून सोसायटीला हक्क मिळवता येतो. आम्ही तो मिळवला, पण मूळ मंजूर नकाशे, सगळ्यांचे जुने करार आणि ‘इंडेक्स टू’ हे नोंदणीचे उतारे गोळा करण्यातच वर्ष गेलं. अर्ध्या लोकांना आपला करार घरात कुठे ठेवलाय ते ठाऊक नव्हतं.

पुण्यात सोसायटीबरोबर ‘अपार्टमेंट’ हा प्रकारही बराच आहे. त्याला 1970 चा वेगळा कायदा आहे. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेची असते आणि आपण सभासद. अपार्टमेंटमध्ये आपण आपल्या घराचे स्वतंत्र मालक असतो आणि सामायिक जागेत व जमिनीत आपला टक्केवारीतला अविभक्त हिस्सा असतो. ही टक्केवारी डीड ऑफ डिक्लरेशन या घोषणापत्रात ठरते. देखभालीचा खर्च आणि मताचं वजनही तीच ठरवते, आणि एकदा ठरली की सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलत नाही. मी पाहिलेल्या एका इमारतीत घर घेणाऱ्यांच्या करारांत ‘घोषणापत्रात ठरेल तेवढा हिस्सा’ असं होतं. घोषणापत्र झालं तेव्हा तळमजल्यावरच्या न विकलेल्या दुकानांकडे हिश्शाचा मोठा भाग गेलेला निघाला, आणि दुकानं बिल्डरकडेच होती. वार्षिक सभेत चाळीस घरांची माणसं हात वर करायची आणि एका माणसाच्या मताचं पारडं जड व्हायचं. टक्केवारीचा आकडा करारातच मागितला असता तर हे सही करण्याआधी दिसलं असतं. अपार्टमेंट घेणाऱ्याला मी आजही घोषणापत्र मागून घ्यायला सांगते.

1 मे 2017 रोजी रेराचा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा, केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला आणि आमच्या कामाची घडी बदलली. कायदा 2016 चा, पण प्रकल्पांची नोंदणी आणि व्याज ही कलमं त्या महाराष्ट्र दिनापासून लागू झाली. मी ज्या जागा वर्षानुवर्षं मोकळ्या पाहिल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच या कायद्यानं स्वतः भरल्या. आगाऊ घ्यायच्या रकमेची मर्यादा 20 वरून 10 टक्क्यांवर आली. चटईक्षेत्राची व्याख्या कायद्यातच आली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळायची. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायची. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. महाराष्ट्राच्या नियमांबरोबर कराराचा नमुना आला, त्यात हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना बांधलेले आहेत: जोत्यापर्यंत 45 टक्क्यांहून जास्त नाही, सगळे स्लॅब झाले तरी 70 च्या वर नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल व्याजाचा आहे. मी स्वतः भरलेल्या जुन्या करारांत घेणाऱ्याचा हप्ता चुकला तर 18 किंवा 24 टक्के व्याज असे आणि बिल्डरला उशीर झाला तर ‘नैसर्गिक आपत्ती, सिमेंट-पोलादाची टंचाई, सरकारी परवानगीस विलंब’ अशी लांबलचक सबबींची यादी. रेरानं दोघांच्या व्याजाचा दर एकच केला. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआर या कर्जदरावर 2 टक्के असा आहे. उशीर झाला तर 18 व्या कलमाखाली एक तर पैसे व्याजासह परत घ्या, नाही तर थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. निवड घर घेणाऱ्याची. एप्रिल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका एकतर्फी कराराबद्दल सांगितलं की ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून पर्याय नसलेल्या माणसावर अशी कलमं बंधनकारक नाहीत, आणि अशी कलमं घालणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ठिपक्यांच्या ओळीचा उल्लेख वाचून मी क्षणभर थांबले.

तरी कायदा सगळं भरू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी आयटीत काम करणारं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं. ‘आज भरले तर दर आजचा’ या बोलीवर त्यांनी किमतीच्या 25 टक्के रक्कम चेकनं भरलेली, करार नाही, हातात फक्त अर्जाची पोचपावती. अर्जावर मागे बारीक अक्षरात रद्द केल्यास रक्कम जप्त, असं. नवऱ्याची नोकरी गेली आणि त्यांना माघार घ्यायची होती. 10 टक्क्यांच्या वर करार न करता पैसे घेणं हेच 13 व्या कलमाचं उल्लंघन, ही बाब आम्ही महारेरापुढे, म्हणजे रेराच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणापुढे, मांडली आणि सलोखा मंचाच्या बैठकीत बहुतेक रक्कम परत मिळाली. पण मधले आठ महिने त्यांनी कर्जाचे हप्ते भरले. मी विचारलं, करार का मागितला नाही? ती मुलगी म्हणाली, “मागितला तर फ्लॅट दुसऱ्याला देतील असं वाटलं.” ही भीती मी तीस वर्षं ऐकते आहे. तिच्यावर कलम नाही.

बिल्डर सगळे एकसारखे नसतात, हेही मला अनुभवानंच शिकवलं. एरंडवण्यात छोट्या इमारती बांधणारे एक गृहस्थ रेराच्या कितीतरी आधीपासून ताब्याची तारीख स्वतः लिहायला लावत. मी घेणाऱ्याच्या बाजूनं करार वाचायला गेले तेव्हा त्यांनी दाखवलेली तारीख मला फार लांबची वाटली. ते म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाईक आज सहा महिन्यांवरून रागावलं तर चालेल. नंतर सहा महिने उशीर झाला तर मला त्याच्या दारावरून जाता येणार नाही.” त्यांची इमारत लिहिलेल्या तारखेच्या आधी तीन आठवडे पुरी झाली. त्या दिवसापासून जवळची तारीख दिसली की मी खूश होत नाही, ती कशावर बेतली आहे ते विचारते.

आता माझ्याकडे येणाऱ्याला मी करार घरी नेऊन वाचायला सांगते आणि दुसऱ्या बैठकीत पाच ओळी त्याच्याच तोंडून मोठ्यानं वाचून घेते: ताब्याची तारीख, चटईक्षेत्र, पार्किंगचा क्रमांक आणि माप, रद्द केल्यास कपात किती, आणि कन्व्हेयन्स किंवा अपार्टमेंट डीड केव्हा. महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरनं दिलेली पूर्णत्वाची तारीख आणि करारातली तारीख आम्ही शेजारी ठेवून पाहतो. ब्रोशरमध्ये असलेलं आणि करारात नसलेलं जे काही असेल, ते पेन्सिलनं समासात लिहितो. क्लब हाउस, पाण्याचा टँकर कोण भरणार, समोरची मोकळी जागा मोकळीच राहणार का. मग तेवढंच घेऊन बिल्डरकडे जायचं. निम्म्या वेळा तो लिहून देतो. लिहून द्यायला नकार मिळाला, तरी घेणाऱ्याला काय ते कळतं आणि तो डोळे उघडे ठेवून ठरवतो.

2018 मध्ये, पावसाळ्याच्या सुरुवातीला, ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन ऑफिसात आले. मी त्यांना दारातच ओळखलं. पोस्टातले काका. त्यांना ताबा सातव्या वर्षी मिळाला होता, एवढं मला कानावर आलं होतं. मुलगी घर घेत होती, तिचा करार त्यांना माझ्याकडून तपासून हवा होता. त्यांनी पिशवीतून करार काढला, थेट ताब्याच्या कलमाचं पान उघडलं आणि बोट तारखेवर ठेवलं. तारीख होती, अंकांत आणि अक्षरांत.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. तुमच्या करारात ती जागा मी मोकळी सोडली होती, आणि तुमच्या नोटिशीचं उत्तरही मीच लिहिलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. काकांनी पानावरचं बोट काढलं नाही.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “त्या उत्तरात एक शब्द पेनानं वर लिहिलेला होता. करारावर माझं नाव लिहिणारं अक्षर तेच. पोस्टात माझा जन्म गेला, अक्षर मी विसरत नाही.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मग त्यांनी करार माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “पुढचं कलम वाचा. सावकाश वाचा, आम्हाला घाई नाही.”

त्या दिवशी आम्ही तिघांनी 41 पानं वाचली.